इमारत पुनर्विकासाला जातेय आणि माळ्यावर वडिलांचे चाळीस वर्षांचे कागद आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीतली तुमची इमारत पुनर्विकासाला जातेय, तीन महिन्यांत घर रिकामं करून द्यायचंय. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. माळ्यावर त्यांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका, दिवाणात कापडी पिशव्या, कपाटात फाइली. आई म्हणते त्यांचा एकही चिटोरा टाकायचा नाही. भाऊ म्हणतो, रद्दीवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याची एखादी यादी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

यादी देता येईल, पण ताई, तेवढ्यानं तुमचं काम होणार नाही. मी कर सल्लागार आहे. घरातलं कर्तं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या कागदांचा गुंता सोडवून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यातून एक कसोटी हाताला बसली आहे. प्रत्येक कागदाबाबत विचारायचं: हा आज हरवला तर परत कोण देईल, आणि त्यासाठी किती खेटे घालावे लागतील? घरबसल्या मिळणार असेल तर त्याचा लोभ नको. खेटे घालून मिळणार असेल तर नीट जपायचा. आणि कुणीच देऊ शकणार नसेल तर तो दागिन्यांच्या शेजारी ठेवायचा, मग दिसायला कितीही फाटका असो.

बहुतेक घरांत याच्या उलट चालतं. आधार कार्ड लॅमिनेट करून तिजोरीत असतं, जे मोबाइलवर डाउनलोड होतं. आणि अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड साडीच्या दुकानाच्या पिशवीत, जुन्या वीजबिलांच्या खाली दबलेलं असतं. कागद चकचकीत आहे, त्यावर अशोकस्तंभ आहे, म्हणून तो मोलाचा वाटतो. मोल त्यावर ठरत नाही.

पहिला आठवडा काहीही फेकू नका आणि शक्यतो काही वाचूही नका. वाचायला बसलं की एका ट्रंकेत रविवार संपतो आणि सगळे हळवे होऊन उठतात. फक्त वेगळं करा, तेही तारखेनुसार करू नका. कागद कुणी दिलाय त्यावरून गठ्ठे लावा: घर आणि सोसायटी, गावची जमीन, बँक आणि पोस्ट, विमा, शेअर, नोकरी आणि पेन्शन, शाळा आणि जन्म-मृत्यूचे दाखले, दवाखाना, आयकर. यांत न बसणारं सगळं एका खोक्यात. पत्रं, फोटो, वडिलांच्या हस्ताक्षरातलं काहीही दुसऱ्या खोक्यात, त्याकडे मी शेवटी येते. रबर बँड लावू नका, ते वितळून कागदाला चिकटतात. सुती नाडीनं बांधा. टाचण्या गंजलेल्या असतील तर ओढू नका. कागद सपाट ठेवून टाचणीचं टोक आधी मागून थोडं ढकलायचं, गंजाची पकड सुटली की ती अलगद निघते. सरळ ओढली तर सही किंवा शिक्का असलेलाच कोपरा फाटतो, कारण जुन्या कचेऱ्यांत टाचणी नेमकी तिथेच लावलेली असते.

आता घराचा गठ्ठा, कारण तुम्हाला घाई त्याचीच आहे. सोसायटी आणि विकासक तुमच्याकडे मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयानं दिलेला दस्ताचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला), चालू वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती मागतील. घर वडिलांनी आधीच्या मालकाकडून घेतलेलं असेल तर बिल्डरनं त्या पहिल्या मालकाशी केलेला करारही हवा. या साखळीतला एक दुवा गळाला तरी मालकी तपासणाऱ्या वकिलाच्या शोध-अहवालात शेरा पडतो आणि पुढची सगळी कामं अडतात.

इथे ती कसोटी लावून बघा. करार नोंदवलेला असेल आणि मूळ प्रत सापडली नाही, तर त्रास आहे पण वाट आहे: दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते, सोबत पोलिसात हरवल्याची नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. पण मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींत साध्या स्टॅम्प पेपरवर झालेले, कधीच न नोंदवलेले करार खूप सापडतात. पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला कागद, टाइपरायटरची पुसट अक्षरं. त्याची दुसरी प्रत सरकारदरबारी कुठेही नाही. घरात सगळ्यात आधी तो शोधा. सापडला की उलटा करून मागची बाजू बघा. तिथे मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि तो कुणाच्या नावे विकला हे हातानं लिहिलेलं असतं. करार त्या काळात त्या माणसानं केला याचा तोच पुरावा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांसाठी मुद्रांक शुल्क अभय योजना, म्हणजे थकलेलं शुल्क सवलतीत भरायची सोय, आणली होती. तेव्हा मूळ स्टॅम्प पेपर हाताशी असलेले लोक पटकन रांगेत लागले आणि ज्यांनी झेरॉक्स ठेवून मूळ प्रत गमावली होती ते अडकले.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचीही मागची बाजूच महत्त्वाची. तिथे हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, नव्या सभासदाचं नाव, सचिव-अध्यक्षांच्या सह्या. तुमच्या वडिलांचं नाव शेवटच्या ओळीत असेल आणि त्याखाली काही नसेल, तर दोन वर्षं झाली तरी सभासद म्हणून ते अजून त्यांच्याच नावावर आहे. पुनर्विकासातल्या नव्या घराचा करार सभासदाशी होतो. तो व्हायच्या आधी आईचं नाव लागलेलं बरं. नामनिर्देशन कुणाच्या नावे केलंय ते सोसायटीच्या रजिस्टरमध्ये बघून घ्या, आणि एक गोष्ट भावाला नीट समजावून सांगा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीनं वारसांच्या वतीनं सांभाळायचं असतं, हक्क वारसांचाच. वाद नसेल तर आत्ता, सगळे एका छताखाली असतानाच हक्कसोडपत्राचं वगैरे बोलून घ्या. नंतर प्रत्येक जण वेगळ्या भाड्याच्या घरात असेल.

घराच्या फाइलमध्ये आणखी एक पुरचुंडी ठेवा: घराला कधी मोठं काम केलं असेल, खोली वाढवली, ग्रिल-फरशी पूर्ण बदलली, त्याची बिलं. पुढे घर विकायची वेळ आली तर भांडवली नफ्याच्या हिशेबात हा खर्च धरायला बिलं लागतात. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराला त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, त्यामुळे त्यानंतरच्या कामांची बिलं जास्त उपयोगी. मालमत्ता कराच्या पावत्या चालू आणि मागच्या थोड्या वर्षांच्या पुरतात, फक्त सर्वांत जुनी एक ठेवा. वीजबिलं वर्षभराची पुरे. मात्र मीटर घेताना भरलेल्या सुरक्षा ठेवीची पावती आणि गॅस जोडणीचं पहिलं व्हाउचर टाकू नका. ठेव परत घ्यायची किंवा नाव बदलायचं तर ती विचारतात.

पैशांच्या कागदांबाबत एक गोष्ट अशी, जी घराघरांत ठाऊक नसते आणि तिच्यावाचून माणसं खरोखर पैसे गमावतात. मुदत पूर्ण झाल्यावर विमा कंपनी, बँक किंवा पोस्ट पैसे देताना मूळ कागद आपल्याकडे परत घेतात. एलआयसी पॉलिसीचा बॉण्ड मागते, बँक एफडीची पावती मागे सही करून घेते, पोस्ट बचतपत्र जमा करून घेतं. म्हणून ट्रंकेत मुदत उलटलेल्या पॉलिसीचा मूळ बॉण्ड सापडला, तर “ही तर १९९८ लाच संपली” म्हणून रद्दीत टाकायची नाही. उलट शंका घ्यायची: मूळ बॉण्ड अजून घरात कसा? पैसे घेतलेच नाहीत काय? प्रत्येक वेळी पैसे निघतीलच असं नाही. हप्ते थकून पॉलिसी बंद पडलेली असते, एफडी आपोआप पुढे नूतनीकरण होऊन जुनी पावती घरात राहिलेली असते. पण विचारल्याशिवाय फेकायची नाही. एलआयसीच्या संकेतस्थळावर न मागितलेल्या रकमा पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख टाकून शोधता येतात.

बँकेत दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत जातात. त्या बुडत नाहीत, वारसांना मागता येतात. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व बँकेचं ‘उद्गम’ संकेतस्थळ आहे, त्यावर वडिलांचं नाव आणि पॅन टाकून एकाच ठिकाणी अनेक बँकांत शोध घेता येतो. जुनी पासबुकं रद्दीत टाकण्याआधी हा शोध झालाच पाहिजे. कारण कुठल्या शाखेत खातं होतं हे सांगणारं घरातलं एकमेव साधन बहुतेक वेळा ते जीर्ण पासबुकच असतं. पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करा, शोध घ्या, उत्तर आलं की पासबुक सोडा.

एका कागदाचं नाव घेऊन सांगते, इंदिरा विकास पत्र. १९८६ ते १९९९ या काळात पोस्टात मिळायचं, त्यावर धारकाचं नावच नसायचं. ज्याच्या हातात तो मालक, नोटेसारखं. हरवलं तर दुसरं मिळायची सोय नाही. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांनी ती घेऊन पुस्तकात, पोथीत, कपड्यांच्या घडीत ठेवलेली असतात. म्हणून पोथ्या आणि जुनी पुस्तकं न झटकता देऊ नका. राष्ट्रीय बचतपत्रांवर नाव असतं, २०१६ पासून ती छापील मिळणंच बंद झालं, पण त्याआधीची कागदी असतात.

आता कंपन्यांचे शेअर. त्यांची कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही म्हणून फेकू नका. कंपन्या विलीन होतात, नावं बदलतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे हस्तांतरित होत नाहीत, पण वारसाच्या नावे करून घेता येतात आणि मग डीमॅटमध्ये जातात. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असू शकतात. तिथूनही अर्ज करून परत मिळतात, काम रेंगाळतं एवढंच. लाभांशाच्या जुन्या वॉरंटच्या अर्धुकांवर फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीकडचा भागधारकाचा खातेक्रमांक, असतो. मूळ सर्टिफिकेट नसलं तरी त्या एका क्रमांकावर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे चौकशी सुरू होते. म्हणून फोलिओ क्रमांक वहीत उतरवल्याशिवाय अर्धुकं टाकायची नाहीत.

नोकरीच्या गठ्ठ्यात पगाराच्या दर महिन्याच्या चिठ्ठ्या असतील तर शेवटच्या वर्षाच्या ठेवून बाकीच्या सोडा. नेमणूकपत्र, निवृत्तीचा आदेश, भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, ठेवा. पीपीओ तर आईच्या हयातीत तिच्या हाताशी, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रत्येक काम त्या क्रमांकावर चालतं.

आयकराचं लोक फार घाबरून ठेवतात. नियम बदलले आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासून जुनं प्रकरण उघडण्याची मुदत साधारणपणे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षं तीन महिने आहे, आणि लपलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षं तीन महिने. नोकरदार माणसाचे आठ वर्षांचे कागद ठेवले की चिंता उरत नाही. त्याआधीची विवरणपत्रं, फॉर्म सोळा, बँकेची विवरणं सोडून द्या. वडिलांच्या शेवटच्या वर्षाचं विवरणपत्र वारस म्हणून भरलंय ना, तेवढं तपासा.

यापुढचा गठ्ठा दिसायला अगदी गरीब असतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, चुलत आजोबांच्या जन्माचा उतारा, काकांच्या जातीचा दाखला. महाराष्ट्रात जात वैधता प्रमाणपत्र काढायला गेलेल्या कुठल्याही पालकाला विचारा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे समिती मागते. तुमच्या घरातल्या मुलाला बारावीनंतर अभियांत्रिकीला किंवा मेडिकलला जायचं असेल तेव्हा आजोबांच्या चौथीच्या दाखल्यावर सगळं येऊन ठेपतं. ती शाळा कधी बंद पडलेली असते, कधी तिचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं असतं. वडिलांच्या बाजूच्या नात्यातला असा कुठलाही जुना कागद, तुमच्या नावाचा नसला तरी, मूळ स्वरूपात ठेवा. चुलत भावंडांना त्याचे फोटो पाठवून द्या, त्यांच्याही मुलांना तो लागणार आहे.

मोडीतले कागद सापडले तर, वाचता येत नाहीत हेच ते ठेवायचं कारण. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे जमिनीचे, कर्जाचे, वाटणीचे व्यवहार मोडीत लिहिले जात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा गावोगावच्या जुन्या नोंदी वाचायला मोडीचे जाणकार शोधत फिरावं लागलं. घरातला कागद काय आहे ते मोडी वाचकाकडून एकदा वाचून घ्या, मराठीत उतरवून त्याच्यासोबत ठेवा.

गावच्या जमिनीचं त्यामानानं सोपं आहे. सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे ऑनलाइन मिळतात, डिजिटल सहीचा उतारा सरकारी कामाला चालतो. त्यामुळे दर वर्षी तलाठ्याकडून आणलेले जुने सातबारे पोत्यानं ठेवायची गरज नाही. ठेवायचे ते फेरफाराचे उतारे, खरेदीखत, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा. आज उताऱ्यावर जे नाव आहे ते कसं आलं याची गोष्ट फेरफारात असते. भाऊबंदकीचा वाद उभा राहिला की त्याचीच गरज लागते.

दवाखान्याच्या कागदांशी माणसं सगळ्यात वाईट वागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आहेत. त्यानंतर रुग्णालयात त्या असतीलच याची खात्री नाही. म्हणजे आईच्या दहा वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा एकमेव पुरावा तुमच्या घरातला कागद आहे. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, बायोप्सीचा अहवाल, बसवलेल्या स्टेंटचा, सांध्याचा किंवा डोळ्यातल्या भिंगाचा स्टिकर, औषधाच्या ॲलर्जीची नोंद, हे आईच्या स्वतंत्र फाइलमध्ये, ताजं सगळ्यात वर. नेहमीच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांतल्या वर्षाकाठी एक ठेवा. साखर, कोलेस्टेरॉल कसं चढत गेलं ते तेवढ्यात कळतं. वडिलांच्या कागदांतलं निदान सांगणारं शेवटचं डिस्चार्ज कार्ड ठेवा. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांत घराण्यात काय होतं हे उद्या तुमचा डॉक्टर तुम्हाला विचारेल. बाकी औषधांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं, मेडिक्लेमचा काही दावा उरला नसेल तर, जाऊ द्या. एक्स-रेच्या जुन्या फिल्म रद्दीत मिसळू नका. त्यांत चांदीचा अंश असतो म्हणून त्या वेगळ्या विकत घेतल्या जातात.

मृत्युपत्राबद्दल. वडिलांनी केलं नव्हतं असं तुम्हाला वाटत असेल, तरी नीट शोधा. मृत्युपत्र साध्या कागदावर हातानं लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं असलं तरी कायद्यानं चालतं, नोंदणीची सक्ती नाही. ते डायरीच्या मागच्या कप्प्यात, पॉलिसीच्या लखोट्यात, देवघराच्या खणात असू शकतं. आणि त्याचा स्कॅन चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तांच्या सवलतीतून वगळलं आहे, मूळ कागदच लागतो. डायऱ्या म्हणूनच पानोपान बघायच्या. बँकेच्या लॉकरचा क्रमांक, कुणाला दिलेले हातउसने, मित्राकडे ठेवायला दिलेली वस्तू, पासवर्ड, हे सगळं त्या पिढीनं डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं.

आता जे जाईल ते. छापील लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, जुन्या फ्रिज-मिक्सरची माहितीपुस्तकं, टेलिफोनची बिलं, बँकांची जाहिरातपत्रं, मुदत संपलेल्या वाहनविम्याच्या पॉलिसी, एटीएमच्या चिठ्ठ्या. दुकानाची बरीच बिलं थर्मल कागदावर असतात, वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात. हमीची मुदत चालू असलेल्या वस्तूच्या बिलाचा फोटो आजच काढा. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत वडिलांचं किंवा नातेवाइकाचं नाव छापून आलेलं असेल तर ते कात्रण ठेवा, स्वयंपाकाच्या पाककृतींची कात्रणं आईला विचारा.

रद्दीत काय जातंय याकडे मात्र लक्ष असू द्या. आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, सही केलेले कोरे चेक, बँकेची विवरणं, पासपोर्ट फोटो चिकटवलेले जुने अर्ज, हे किलोच्या भावानं विकायचे कागद नाहीत. यांच्यावर कुणी सिम घेतं, कुणी कर्ज. फाडून बादलीत रात्रभर भिजत घाला, सकाळी लगदा होतो. पुढे कुणालाही झेरॉक्स देताना त्यावर आडवी सही, तारीख आणि “अमुक कामासाठीच” असं लिहायची सवय लावा. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही डाउनलोड करता येते, साध्या कामांना ती द्या.

स्कॅनिंगचा उत्साह बेताचा ठेवा. सगळं स्कॅन करायला बसलात तर तीन महिने त्यातच जातील आणि माळ्यावरचा पसारा मोबाइलमध्ये येऊन बसेल. ज्यांची दुसरी प्रत मिळत नाही ते आधी. मोबाइलवरचं साधं स्कॅनर ॲप पुरे, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, मागची-पुढची दोन्ही पानं. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग विषय, मग कुणाचा. म्हणजे क्रम आपोआप लागतो. एक प्रत क्लाउडवर आणि एक पेन ड्राइव्हवर भावाकडे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यात संबंधित खात्यानं थेट दिलेला वाहन परवाना, गाडीचं आरसी, बोर्डाची गुणपत्रिका मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. पण स्वतः फोटो काढून डिजिलॉकरमध्ये चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. हा फरक बरेच जण विसरतात आणि ऐन वेळी अडतात.

लॅमिनेशन करू नका, कुठल्याही मूळ कागदाचं. पुढे परदेशी जाताना गुणपत्रिकेच्या मागे साक्षांकनाचे शिक्के मारावे लागतात, प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही, आणि काढायला गेलं तर कागदच फाटतो. स्वस्त पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांना कालांतरानं शाई चिकटते. पॉलिप्रॉपिलिनचे फोल्डर घ्या, नाही मिळाले तर साधे जाड कागदी लखोटे उत्तम. भाड्याच्या घरात पहिला पावसाळा येईल तेव्हा फाइली बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका. वेखंडाची पूड पातळ कापडात बांधून ठेवली तर कसर लागत नाही, डांबरगोळ्याही चालतात, फक्त थेट कागदावर नकोत. दिवाळीच्या सफाईत फाइली एकदा उघडून वारं दाखवा.

इतकं झाल्यावर दोन ट्रंकांचं बहुतेक घरांत एका मध्यम बॅगेएवढं उरतं. त्यातही ज्याची दुसरी प्रत कुणी देणार नाही ते एका वेगळ्या फाइलमध्ये. सामान हलवायच्या दिवशी ही फाइल टेम्पोत चढवायची नाही, ती तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत. फाइलच्या आत पहिल्या पानावर आत काय आहे ते हातानं लिहा आणि त्याचा फोटो आई, भाऊ, तुम्ही, तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

आईचं. ती एकही चिटोरा टाकू देत नाही, याला मी हट्ट म्हणणार नाही. घरातले कागद म्हणजे तिच्यासाठी त्यांचं अक्षर आहे. त्यांनी लिहिलेले हिशेब, तिला नोकरीच्या गावाहून पाठवलेली आंतरदेशीय पत्रं, कॅलेंडरच्या मागे मांडलेला दुधाचा खाडा, यांना माझी कसोटी लावायची नाही. तिला एक चांगलं झाकणाचं खोकं द्या आणि त्यात काय जाईल ते तिनंच ठरवावं. भावानं त्यात हात घालू नये. बाकीचे गठ्ठे लावताना तिला शेजारी बसवा, माळ्यावरचं माळ्यावर उरकू नका. कुठली पॉलिसी कुणा ओळखीच्या एजंटाकडून घेतली, कुठल्या पतपेढीत ठेव होती, ‘सावंत’ नावाचा माणूस कोण आणि त्याच्याकडून येणं होतं की देणं, हे तिच्याशिवाय कुणालाही माहीत नाही. विचारत राहिलात तर ती सांगेल, आणि सांगता सांगता निम्मे कागद स्वतःच “हे आता काय करायचेत” म्हणून बाजूला टाकेल. मी हे पुष्कळ घरांत पाहिलंय.

गठ्ठे लावायचं काम दोन-तीन रविवारांत सरकत जाईल. पण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव लावायचा अर्ज आणि ‘उद्गम’वरचा शोध ही दोन कामं या आठवड्यातच सुरू करा. त्यांना वेळ सोसायटीचा आणि बँकांचा लागतो, आणि कमिटीच्या बैठका तुमच्या सोयीनं होत नाहीत. रद्दीवाल्याला बोलवायचं ते बँकांची उत्तरं हातात आल्यावरच.